लॉक कुठलं लावायचं ते नंतर बघू, आधी ते पेज कोणाचं ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही लिहिलेला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिनक्सच्या कर्नल (गाभा) ६.१ वर, आठ कोअरच्या एआरएम बोर्डावर चालतो. तो स्वतः पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) घेतो, यूजरने एमएमॅप केलं, म्हणजे ती आपल्या पत्त्यांवर मागितली, की फॉल्ट हँडलरमधून (अजून पेज नसलेल्या पत्त्याला हात लागला की चालणाऱ्या फंक्शनमधून) ती एकेक करून देतो, आणि बफरचा आकार बदलणारा एक आयऑक्टल (यूजरने ड्रायव्हरला दिलेली आज्ञा) जुनी पेजेस सोडून देतो. स्ट्रेस टेस्ट चार-पाच तास सुरळीत चालते आणि मग 'बॅड पेज स्टेट' (पेजची अवस्था बिघडल्याची कर्नलची तक्रार) येतं, तेही तुमच्या प्रोग्रॅमच्या नावाने नाही, कधी एसएसएचच्या तर कधी लॉग लिहिणाऱ्या प्रोसेसच्या नावाने. प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाकला की येत नाही. म्हणून सगळ्याभोवती एक म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) गुंडाळला, तर आता बोर्ड अधूनमधून गोठतो. आणि तुम्ही विचारताय की इथे म्यूटेक्स बरोबर, स्पिनलॉक (न झोपता जागच्या जागी वाट बघणारं लॉक) बरोबर की आरसीयू (लॉकशिवाय वाचू देणारी पद्धत).

गेली १७ वर्षं मी ड्रायव्हर आणि मेमरीच्या कोडमधले असले बग काढते आहे. त्यावरून सांगते, तुमचा खरा प्रश्न लॉकच्या प्रकाराचा नाही. तुमच्या कोडमध्ये एका क्षणी एक गोष्ट खरी असल्याचं तपासलं जातं ('हे पेज आपल्याकडे आहे'), आणि जरा वेळाने ती अजून खरी आहे असं धरून काम केलं जातं. मधल्या फटीत ती गोष्ट खोटी करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला तरी आहे. तो कोण, हे लिहून काढल्याशिवाय कुठलंही लॉक लावणं म्हणजे अंधारात गोळी मारणं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते, कारण तुमचा कोड माझ्यासमोर नाही. पेजेस एकेक करून घेतली आहेत की मोठा सलग तुकडा घेतला आहे? सलग तुकडा 'कंपाउंड' (सगळ्यांचा मिळून एकच हिशोब) न करता घेतला असेल तर पहिलं पेज सोडून बाकीच्यांचा रेफकाउंट (पेज किती जणांनी धरलंय तो आकडा) शून्य असतो, आणि त्यांच्यावर गेट_पेज करणं (तो आकडा एकने वाढवणं) मुळातच चूक आहे. तिथे रेस (दोघांच्या वेळेची शर्यत) नाहीच, नुसता हिशोबाचा घोळ आहे. दुसरं, त्या पेजेसमध्ये हार्डवेअर डीएमएने (सीपीयूला मध्ये न घेता, थेट) लिहितं का? लिहीत असेल तर सोडण्याआधी ते थांबवणं ही पहिली पायरी, आणि कर्नलमधलं कुठलंही लॉक डीएमए इंजिनला दिसत नाही. तिसरं, प्रोग्रॅम फोर्क करतो (स्वतःची दुसरी प्रत चालू करतो) का? पुढचं सगळं मी असं धरून लिहिते की पेजेस सुटी आहेत, डीएमए नाही आणि फोर्क नाही.

आता तुमच्या फॉल्ट हँडलरकडे बघू. सीपीयू २ वर यूजरने एका पत्त्याला हात लावला, फॉल्ट आला. हँडलरने पेजेसच्या अ‍ॅरेमधून सातव्या क्रमांकाचा पॉइंटर वाचला, नल नाही हे पाहिलं. एवढ्यात सीपीयू ५ वर दुसऱ्या थ्रेडचा आयऑक्टल त्याच सातव्या पेजपाशी आला. त्याने फ्री_पेज केलं (पेज मोकळं केलं) आणि मग अ‍ॅरेमध्ये नल लिहिलं. इकडे सीपीयू २ हातातल्या जुन्या पॉइंटरवर गेट_पेज करतो आणि ते पेज कर्नलला देतो. पेज टेबलमध्ये (कोणत्या पत्त्यावर कोणतं पेज, या तक्त्यात) नोंद होते.

पुढे काय होईल ते नशिबावर. पेज अजून मोकळ्या पेजेसच्या यादीतच असेल, तर यादीत असलेल्या पेजचा रेफकाउंट एक झाला आणि ते यूजरला मॅपही झालं. ते जेव्हा कोणाला तरी वाटलं जाईल तेव्हा अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटणारा कोड) तपासतो, 'मोकळं म्हणवणाऱ्या पेजचे काउंट शून्य कसे नाहीत?' आणि ओरडतो. ओरडताना नाव छापतो ते त्या क्षणी मेमरी मागणाऱ्या प्रोसेसचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा प्रकार. एसएसएचच्या प्रोसेसने काही पाप केलेलं नाही, ती फक्त रांगेत पुढची होती.

आणि पेज आधीच दुसऱ्याला दिलं गेलं असेल तर कोणीही ओरडत नाही. तुमचा यूजर दुसऱ्याच कोणाची तरी मेमरी वाचत आणि लिहीत बसतो. पाच तासांत एकदा 'बॅड पेज स्टेट' दिसलं म्हणजे रेस पाच तासांत एकदाच घडली असं समजू नका. ती किती वेळा गुपचूप घडून गेली असेल ते लॉगमध्ये दिसत नाही. तुमच्या टेस्टच्या डेटामध्ये कधी चेकसम जुळत नसेल आणि तुम्ही तो केबलचा दोष म्हणून सोडून दिला असेल, तर एकदा परत बघा.

प्रिंटके टाकल्यावर बग का लपतो, हे आता कळेल. सीरियल कन्सोलवर एक ओळ छापायला लागणारा वेळ त्या फटीच्या मानाने प्रचंड आहे. त्याने दोन्ही सीपीयूंची लय बदलते. म्हणून मी उलटं करते. फट बारीक असताना तिच्यात नेमका पाय घालायला पाच तास लागतात, तर फटच रुंद करायची. पॉइंटर वाचणं आणि गेट_पेज यांच्या मधोमध दहा मिलिसेकंदांची झोप टाका. हे चाचणीपुरतं, आणि तिथे स्पिनलॉक धरलेलं नसेल तरच. असेल तर झोपता येत नाही, यूडिलेने (न झोपता वेळ काढणाऱ्या फंक्शनने) काही मायक्रोसेकंद घोळवा. तुमचा अंदाज बरोबर असेल तर बग काही सेकंदांत येईल. नाही आला तर फट दुसरीकडे आहे, आणि एवढं कळण्यातही एक दिवस वाचला. मी तर असा मुद्दाम टाकलेला विलंब हाताशी आल्याशिवाय दुरुस्तीला हात लावत नाही, कारण नाहीतर दुरुस्ती झाली हे सिद्ध कसं करणार? 'रात्रभर चालवलं, आलं नाही' हा पुरावा पाच तासांच्या बगला पुरत नाही.

हा नियम मी पदरचं मोडून शिकले. सुरुवातीच्या नोकरीत कॅमेऱ्याच्या फ्रेम घेणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर माझ्याकडे होता. बंद करताना कधीतरी क्रॅश व्हायचा. मी बंद करण्याच्या फंक्शनमध्ये ५० मिलिसेकंदांची झोप टाकली, क्रॅश थांबला, सगळे खूश. दोन वर्षांनी ग्राहकाने वेगवान मशीन घेतलं आणि तो तिथे रोज यायला लागला. झोपेने फट बुजली नव्हती, फक्त त्या जुन्या मशीनवर कोणाचा पाय तिच्यात पडत नव्हता. चाचणीसाठी झोप हे उत्तम हत्यार आहे. दुरुस्ती म्हणून ती कोणी पॅचमध्ये पाठवली तर मी पुढचं वाचतही नाही.

'सगळीकडे लॉक घेतलं तर रेस कशी राहील?' हा समज मोडायला माझ्याकडे डर्टी काऊ या लिनक्समधल्या गाजलेल्या बगपेक्षा चांगलं उदाहरण नाही. सुरक्षेच्या बगांच्या यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उघड झालं तेव्हा २००७ च्या २.६.२२ पासूनचे कर्नल त्यात सापडले होते. कोणत्याही साध्या यूजरला, ज्या फाइलवर फक्त वाचण्याची परवानगी आहे तिच्यात लिहिता येत होतं.

घडायचं असं. प्रोग्रॅम ती फाइल खासगी मॅपिंग म्हणून मेमरीत घेतो. एक थ्रेड /प्रॉक/सेल्फ/मेम या (स्वतःची मेमरी फाइलसारखी दाखवणाऱ्या) वाटेने त्या पत्त्यावर लिहायला सांगतो. ही वाट डिबगरसाठी असल्यामुळे तिला जबरदस्तीने लिहिण्याची मुभा आहे. अट एकच, लिखाण फाइलच्या मूळ पेजवर न होता खासगी प्रतीवर झालं पाहिजे. कर्नल प्रत काढतो. पण मॅपिंग फक्त वाचण्यापुरतं असल्यामुळे पेज टेबलमधल्या नोंदीवर लिहिण्याची परवानगी काही चढत नाही. 'लिहायचंय' म्हणून पुन्हा तपासलं तर पुन्हा नकार, पुन्हा प्रत, असं गरगर फिरणं. ते तोडायला जुन्या कोडने शक्कल लढवली होती: प्रत निघाली ना, मग मागणीतला 'लिहायचंय' हा फ्लॅग काढून टाका आणि नुसतं वाचण्यासाठी म्हणून पेज शोधा. मिळेल ती आपली प्रतच असणार.

'असणार' हा शब्द इथे सगळा घात करतो. नेमक्या त्या वेळी दुसरा थ्रेड एमअ‍ॅडव्हाइजने कर्नलला सांगतो, 'ही पेजेस नकोत मला.' प्रत फेकली जाते. पहिला थ्रेड पेज शोधायला जातो, सापडत नाही, पुन्हा फॉल्ट घेतो, पण आता मागणी फक्त वाचण्याची आहे. म्हणून कर्नल प्रामाणिकपणे फाइलचं मूळ पेज आणून देतो. आणि त्यावर लिखाण होतं.

यात लॉक कुठे कमी होतं? दोन्ही थ्रेडनी प्रोसेसच्या मॅपिंगचं लॉक, ज्यात वाचक एकत्र पण लेखक एकटाच आत जातो ते, तेव्हाचं एमएमॅप_सेम (२०२० मध्ये ५.८ पासून त्याचं नाव एमएमॅप_लॉक झालं) घेतलेलं होतं, पण दोघांनीही वाचक म्हणून, त्यामुळे दोघं एकाच वेळी आत. पेज टेबलची प्रत्येक नोंद तिच्या स्वतःच्या लॉकखालीच वाचली आणि बदलली जात होती. प्रत्येक पायरी निर्दोष, दोन पायऱ्यांच्या मधली जागा उघडी. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी केलेल्या दुरुस्तीत एकही नवं लॉक नाही. 'लिहायचंय' हा फ्लॅग आता काढायचा नाही. त्याऐवजी 'प्रत काढून झाली' अशी वेगळी खूण ठेवायची, आणि पेज सापडल्यावर नोंदीवर डर्टी बिट ('यावर लिहिलंय' ही खूण) आहे का तेही बघायचं, कारण प्रत काढताना ते चढवलेलं असतं. म्हणजे गृहीत न धरता, लिहिण्याच्या क्षणी, लॉकखाली पुन्हा विचारायचं. त्याच कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय की हा जुना बग आहे, ११ वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करायचा एक वाईट प्रयत्न केला होता, आणि एस३९० या आयबीएमच्या मेनफ्रेमवर अडचण आल्यामुळे तो मागे घेतला गेला.

गोष्ट इथे संपली नाही म्हणून ती मला आवडते. 'डर्टी आहे म्हणजे आपली प्रत आहे' हे विधान २०१७ मध्ये मोठ्या पेजेसच्या बाबतीत खोटं निघालं. तिथे नुसतं वाचतानाही डर्टी बिट चढवता येत होतं. २०२२ मध्ये ते शेअर्ड मेमरीच्या बाबतीत खोटं निघालं, कारण यूजरफॉल्टएफडीच्या (यूजर प्रोग्रॅमला फॉल्ट हाताळू देणाऱ्या सोयीच्या) एका वाटेने बसवलेली नोंद सरसकट डर्टी व्हायला लागली होती. तेव्हा कर्नल डेव्हलपर डेव्हिड हिल्डनब्रँड यांनी ती खूणच काढून टाकली आणि थेट पेजला विचारायला सुरुवात केली: तू निनावी (कुठल्याच फाइलचं नसलेलं) पेज आहेस का, आणि फक्त याच प्रोसेसचं आहेस का? इतकी वर्षं अप्रत्यक्ष पुराव्यावर काम चाललं होतं. ज्याने पुरावा तयार करण्याचा नियम बदलला, त्याला माहीतही नव्हतं की दुसरीकडे कोणीतरी त्यावर विसंबून आहे.

आता तुमचा गोठणारा बोर्ड. इथे मात्र लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारं कर्नलचं साधन) चालू असेल तर त्याने तुम्हाला उत्तर दिलंच असेल, 'सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी' (लॉकचं चक्र) म्हणून. फॉल्ट हँडलर चालू होतो तेव्हा कर्नलने एमएमॅप_लॉक आधीच घेतलेलं असतं, आणि आत तुम्ही तुमचा म्यूटेक्स घेता. आयऑक्टलमध्ये तुम्ही म्यूटेक्स घेऊन बसता आणि आत कॉपी_टू_यूजर करता (यूजरच्या मेमरीत लिहिता). यूजरचं ते पेज त्या वेळी मेमरीत नसलं तर तिथेच फॉल्ट येतो, आणि त्या फॉल्टला एमएमॅप_लॉक हवं असतं. एक थ्रेड एका बाजूने, दुसरा दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये एखादा तिसरा थ्रेड एमएमॅप_लॉक लेखक म्हणून मागत उभा राहिला की वाचकही अडतात. अरुंद पुलावर समोरासमोर आलेल्या दोन ट्रकसारखं. यावर उपाय सोपा आहे. म्यूटेक्स धरलेला असताना यूजर मेमरीला हात लावायचा नाही. आयऑक्टलच्या सुरुवातीला, लॉक घेण्याआधी, जे वाचायचं ते स्टॅकवर कॉपी करून घ्या. उत्तर स्टॅकवर तयार करा, लॉक सोडा, मग यूजरला द्या. ड्रायव्हरचं लॉक आतलं, एमएमॅप_लॉक बाहेरचं, हा क्रम एकदा ठरला की तो कायम.

जाता जाता एक. दोन थ्रेडनी एकाच फाइल डिस्क्रिप्टरवर आयऑक्टल मारला तर कर्नल त्यांना रांगेत उभं करतो, असं अजूनही काहीजण समजतात. ते बिग कर्नल लॉकच्या (अख्ख्या कर्नलला एकच लॉक) जमान्यात होतं. ते लॉक २०११ मध्ये २.६.३९ ला पूर्ण गेलं. उलट ज्याची लोक उगाच काळजी करतात ते एमएमॅप आणि क्लोज: मॅपिंग जिवंत असेपर्यंत ते फाइलचा रेफरन्स धरून असतं, त्यामुळे यूजरने क्लोज केलं तरी तुमचं रिलीज फंक्शन मुनमॅप होईपर्यंत (मॅपिंग काढेपर्यंत) बोलावलं जात नाही. तुमची फट आयऑक्टलमध्येच आहे, रिलीजमध्ये नाही.

मग दुरुस्ती कशी? पहिल्या झटक्यात सगळे जे लिहितात ते असं: हँडलरमध्ये म्यूटेक्स घ्या, पेज बघा, गेट_पेज करा, म्यूटेक्स सोडा, पेज कर्नलला द्या. आयऑक्टलमध्ये म्यूटेक्स घ्या, अ‍ॅरे रिकामा करा, अनमॅप_मॅपिंग_रेंज बोलावून यूजरच्या पेज टेबलमधल्या नोंदी पुसा, म्यूटेक्स सोडा, पुट_पेज करा (रेफकाउंट एकने कमी करा). तुमचं 'बॅड पेज स्टेट' याने जाईल. पेजचा रेफरन्स लॉकखाली घेतला जातोय, त्यामुळे ते हातातून निसटत नाही.

तरीही एक फट राहते, आणि ती बहुतेकांना दिसत नाही. हँडलरने पेज दिलं, म्यूटेक्स सोडला, पण कर्नलने अजून पेज टेबलमध्ये नोंद केलेली नाही. तेवढ्यात आयऑक्टलने नोंदी पुसल्या. पुसण्यासारखं काही नव्हतंच. मग नोंद झाली. आता यूजरकडे जुन्या बफरचं पेज कायमचं राहिलं. मेमरी खराब होणार नाही, कारण मॅपिंगकडे स्वतःचा रेफरन्स आहे. पण यूजर लिहितोय एका पेजवर आणि ड्रायव्हर वाचतोय दुसऱ्याच. फाइल सिस्टिममध्ये हेच दुखणं ट्रंकेटच्या (फाइल आखूड करण्याच्या) वेळी होतं. तिथे पेज लॉक करून, ते अजून त्याच फाइलचं आहे हे पुन्हा तपासून, लॉक केलेलंच पेज परत देतात. ड्रायव्हरमध्ये मला सोपी वाटते ती दुसरी वाट: नोंद कर्नलवर न सोडता, म्यूटेक्स हातात असतानाच हँडलरने व्हीएमएफ_इन्सर्ट_पेजने स्वतः करायची आणि 'पेज देत नाही, काम झालंय' असं उत्तर द्यायचं. मग पाहणं, रेफरन्स घेणं आणि नोंद करणं हे तिन्ही एकाच लॉकखाली येतं, आणि पुसणंही त्याच लॉकखाली. ग्राफिक्सचे ड्रायव्हर याच धाटणीने चालतात. यासाठी मॅपिंगवर मिक्स्डमॅप हा फ्लॅग लागतो, आणि तो एमएमॅपच्या वेळीच लावा. फॉल्टमध्ये लावायला गेलात तर एमएमॅप_लॉक फक्त वाचक म्हणून हातात असतं आणि नवी रेस पदरात पडते.

पेजेसऐवजी नुसते पीएफएन (पेजचे क्रमांक) मॅप करणारा ड्रायव्हर असेल तर जास्त जपा. तिथे मॅपिंग रेफरन्स धरत नाही. त्यामुळे नोंदी पुसून टीएलबी (सीपीयूने जवळ ठेवलेल्या पेज टेबलच्या नोंदी) रिकामं होईपर्यंत मेमरी सोडायचीच नाही. अनमॅप_मॅपिंग_रेंज परत येण्याआधी टीएलबी फ्लश करतं, म्हणून ते वापरा आणि पेज टेबलमध्ये हाताने खुडबुड करू नका. कर्नलच्या मुख्य कोडमध्येही हे चुकलंय. २०१८ मध्ये सुरक्षा संशोधक जॅन हॉर्न यांना एमरीमॅपमध्ये (मॅपिंग हलवणाऱ्या कॉलमध्ये) सापडलं की नोंदी हलवल्यावर पेज टेबलचं लॉक आधी सुटतं आणि टीएलबी फ्लश नंतर होतो. त्या अवधीत दुसऱ्या थ्रेडने फाइल आखूड केली तर पेज मोकळं होतं, आणि एखाद्या सीपीयूच्या टीएलबीत मात्र जुना पत्ता जिवंत. दुरुस्ती म्हणजे दोन कामांचा क्रम बदलणं, फ्लश आधी आणि लॉक सोडणं नंतर. तेवढंच.

आरसीयूबद्दल. आरसीयू एवढंच सांगतं की तुम्ही वाचत असेपर्यंत ती वस्तू मेमरीतून नाहीशी होणार नाही. ती अजून तुमची आहे, हे नाही सांगत. एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आहे. जागा रिकामी दिसली आणि तुम्ही दाराकडून वळसा घेऊन आत गेलात, तर तोवर कोणीतरी बसलेलं असतं. रुमाल म्हणजे रेफकाउंट. पण गर्दीत रुमाल टाकताना गाडीच बदललेली असू शकते, म्हणून रुमाल टाकल्यावर पाटी पुन्हा वाचायची. कर्नलची पेज कॅश (फाइलची पेजेस मेमरीत ठेवणारा भाग) २००८ पासून, म्हणजे २.६.२७ पासून, लॉकशिवाय पेज शोधते ती अगदी अशीच: आरसीयूखाली पॉइंटर वाचा, रेफकाउंट शून्य नसेल तरच एकने वाढवा, आणि मग त्या जागी अजून तेच पेज आहे का ते परत बघा. नसेल तर सोडा आणि पुन्हा सुरुवात. यातली तिसरी पायरी लोक विसरतात. तुमच्या ड्रायव्हरमध्ये फॉल्ट सेकंदाला लाखोंनी येत नसतील तर आरसीयूची गरज नाही. म्यूटेक्स पुरे. स्पिनलॉक तर नकोच, पेज टेबलसाठी मेमरी घ्यावी लागली तर आत झोपावं लागतं.

बड्या लोकांचंही इथे चुकतं म्हणून एक सांगते. डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये मॅपिंगची नोंद ठेवायला मेपल ट्री ही झाडासारखी रचना आली. स्टॅक वाढवताना एमएमॅप_लॉक फक्त वाचक म्हणून घेतलेलं असायचं, आणि ते जुन्या रचनेत खपून जायचं. नव्या रचनेत तिथे झाडाचा एक नोड बदलून जुना आरसीयूकरवी मोकळा व्हायचा, आणि एमएमॅप_लॉक घेतलेले बाकीचे वाचक आरसीयूमध्ये नसायचे. ते जुन्याच नोडवर. या बगचं नाव स्टॅकरॉट, सीव्हीई-२०२३-३२६९. दुरुस्ती अशी की स्टॅक वाढवायचा तर लेखक म्हणून लॉक घ्या. तुमचा कर्नल ६.१ आहे म्हणून सांगते, ती ६.१.३७ मध्ये आली आहे. बोर्डवाल्याने दिलेला कर्नल त्याच्या मागचा असेल तर ड्रायव्हर राहू द्या, आधी ते अपडेट करा. आणि पुढे ६.४ किंवा त्यानंतरच्या कर्नलवर जाल तेव्हा लक्षात ठेवा, तिथून पुढे प्रत्येक व्हीएमएचं (एका सलग मॅपिंगचं) वेगळं लॉक आलं आहे आणि फॉल्ट एमएमॅप_लॉकशिवायही हाताळले जाऊ लागले, आधी निनावी पेजेसचे, नंतर फाइलचेही. 'फॉल्टमध्ये एमएमॅप_लॉक आहेच' असं धरून हँडलरमध्ये काही केलं असेल तर ते आत्ताच काढा.

साधनांबद्दल थोडं. लॉकडेप चालू ठेवा, तो डेडलॉक प्रत्यक्ष घडायच्या आधी सांगतो. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवा, मोकळ्या झालेल्या पेजला कर्नलच्या कोडचा हात लागला की जागीच पकडतो. मेमरीचा आठवा हिस्सा खातो आणि वेगही बराच उतरतो, पण बोर्डवर तेवढी जागा असेल तर सोडू नका. पेज_ओनर बूटच्या वेळी चालू करा, म्हणजे 'बॅड पेज स्टेट' सोबत ते पेज शेवटचं कोणी घेतलं आणि कोणी सोडलं याचे स्टॅक छापले जातील. तुमच्या बगमध्ये हे एकच साधन अर्धं काम करेल. केसीसॅन २०२० पासून आहे आणि उपयोगी आहे, पण त्याच्याकडून चुकीची अपेक्षा नको. एकाच जागेवर लॉकशिवाय दोघं गेले तर तो सांगतो. डर्टी काऊ त्याला दिसलं नसतं, कारण तिथे प्रत्येक स्पर्श लॉकखालीच होता. आणि त्याची तक्रार बंद व्हावी म्हणून रीड_वन्स ('हे एकदाच वाच' असं कंपायलरला सांगणं) शिंपडत सुटू नका. त्याने तक्रार गप्प होते, फट तशीच.

पॅच लिहाल तेव्हा कमिट मेसेजमध्ये दोन रकाने करा, डावीकडे सीपीयू २, उजवीकडे सीपीयू ५, आणि वरपासून खालपर्यंत कोणत्या क्षणी कोण काय करतो ते एकेक ओळीत लिहा. कर्नलमध्ये ही रीतच आहे. माझ्या हाताखाली नवीन आलेल्यांना मी कोड न बघता आधी हे रकाने मागते. अर्ध्या वेळा ते लिहितानाच कळतं की ज्या दोन ओळी एकमेकींच्या आड येतात असं वाटत होतं त्या एकाच लॉकखाली आहेत, आणि बग भलतीकडे आहे.

आता तुमच्याकडून हवं ते. 'बॅड पेज स्टेट'च्या पुढच्या ओळीतले रेफकाउंट आणि मॅपकाउंट (पेज टेबलांत त्या पेजच्या किती नोंदी आहेत तो आकडा) कळवा. दोन्ही एक असतील आणि प्रोसेस परकी असेल तर वर सांगितलेलीच रेस. रेफकाउंट शून्य, मॅपकाउंट एक आणि प्रोसेस तुमचीच असेल, तर हँडलरमध्ये गेट_पेजच राहून गेलंय, आणि मग ही रेसही नाही, एका ओळीचं काम आहे. रेफकाउंट उणे एक असेल तर कुठेतरी दोनदा पुट_पेज होतंय. तसं असेल तर आयऑक्टलमधली एररची वाट आधी बघा, अ‍ॅलोकेशन अर्ध्यात फसल्यावर तुम्ही काय काय सोडता ते.